गुरुवारचा माणूस

सेबू
३ जुलै १९९७

तिया कोन्सिंग,

पोचलो, टिकलो, पळालो नाही. महिना झाला. आईशी तू कशाची पैज लावली होतीस ते मला ठाऊक आहे, तेव्हा कोंबडी तिला देऊन टाक.

तू म्हणाली होतीस, दोंग, पोरा, सगळी बंदरं फिरून झाली, आता एकदा तरी काहीतरी शीक. म्हणून शिकतोय. इथल्या बालकल्याण केंद्रात आम्ही दणकट बाप्ये आणि बाया बालवाडीच्या खुर्च्यांवर गुडघे कानाला लावून बसतो. तुझ्यासारखं घरोघर जाऊन, मुलांचे हाल होत नाहीत ना ते बघायचं काम कसं करायचं ते शिकवतात. परवा सोंगं घ्यायची होती. मला न बोलणारं मूल व्हायला सांगितलं. माझं झाल्यावर शिकवणाऱ्या मॅडम सिसोन म्हणाल्या, "एलमार, न बोलणारं मूल इतकं बोलत नाही." सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या कशालाच हसत नाहीत, पण बाई वाईट नाही.

नियम पुष्कळ. मुलाच्या डोळ्यांना डोळे लागतील इतकं खाली बसायचं. दिसलं आणि ऐकलं तेवढंच लिहायचं, वाटलं ते नाही. 'मी कुणाला सांगणार नाही' असा शब्द मुलाला कधीही द्यायचा नाही. आणि भेटीच्या घरी काही खायचं नाही. हा शेवटचा नियम ज्यानं केला तो सेबूत कुणाच्या दारात उभा राहिलेला नसावा. इथं 'जेवलास का' विचारल्याशिवाय पावसात भिजणाऱ्यालासुद्धा आत घेत नाहीत.

मला एक घर दिलंय. दर गुरुवारी जायचं. मासळी बाजाराच्या मागे, पाण्यात खांब रोवून बांधलेलं. खाली चिखल, वर फळ्या, चालताना घर माणसाबरोबर चालतं. रोके म्हणून माणूस आहे, जहाजदुरुस्तीत जोडारी. बायको फेलिसा, नुकतीच बाळंत झालीय, मुलगा. आणि मायलीन, सात वर्षांची, फेलिसाच्या आधीच्या नवऱ्याची. ही मायलीन शाळेत येईनाशी झाली आणि आली तेव्हा बाईंना तिच्या दंडावर वळ दिसले. घरचे म्हणतात, फळीवरून पडली. मी जायचं, बघायचं, बोलायचं, लिहायचं.

पोर गप्प. मी गेलो की मोठ्यांना करायची रीत म्हणून माझा हात कपाळाला लावते आणि मागे जाऊन बसते. रोके मात्र दिलदार. त्याच्याकडे एक लाल कोंबडा आहे, तिया, त्याची ऐट बघायला हवी. झुंजीत तीनदा जिंकलाय, एक डोळा गेलाय, तरी मान अशी की जसा काही नगराध्यक्ष. त्याच्याबद्दल रोके जे सांगतो ते सगळं लिहिलं तर टपालाची बोट सुटून जाईल. गिटारही वाजवतो. गेल्या खेपेला सुकटीबरोबर मक्याचा भात वाढला. खाल्ला. मॅडमना सांगू नकोस.

तुझा,
एलमार

*

कामोतेस
१० जुलै

दोंग,

कोंबडी दिली. तुझ्या आईनं ती लगेच कापली, तुझा भरवसा नाही म्हणून.

तुझं पत्र दोनदा वाचलं. कोंबड्याबद्दल सात ओळी आहेत. पोरीबद्दल दोन. कोंबड्याचा एक डोळा गेलाय हेसुद्धा लिहिलंयस, आणि पोरीनं काय घातलं होतं ते नाही. ती कुणाजवळ बसते? कुणी जवळून गेलं की दचकते का? आईकडे बघते की बापाकडे? तुला त्या घरात गिटार ऐकायला पाठवलेलं नाही.

रोके दिलदार असेल. ज्या घरात काही लपवायचं असतं तिथले लोक फार छान वाढतात, हे मी वीस वर्षं बघतेय. म्हणजे छान वाढणारा प्रत्येक माणूस लबाड असतो असं नाही. पण तू पोटानं विचार करतोस, म्हणून सांगितलं.

पुढच्या गुरुवारी फक्त पोरीकडे बघ आणि मला लिही.

कोन्सिंग

*

सेबू
२४ जुलै

तिया,

बघितलं. आता कोंबड्याचं नाव काढत नाही.

मायलीन लांब बाह्यांचा स्वेटर घालते. राखाडी, कोपराला उसवलेला. मी म्हटलं, एवढ्या उकाड्यात? फेलिसा म्हणाली, तिला थंडी वाजते. पोर दाराजवळच्या कोपऱ्यात बसते, पाठ भिंतीला. मी गेल्यावर नेहमीसारखी हात कपाळाला लावायला आली, पण डाव्या हातानं. रोके म्हणाला, "अगं बये, सरांना डावा हात देतेस? शाळेत नाही गेलं की असं होतं." आणि हसला. मीही हसलो. तिला म्हटलं, असू दे, माझ्या आजीलाही डावं-उजवं कळायचं नाही. ती नाही हसली.

फेलिसा जास्त बोलत नाही. बाळंतीण आहे, झोप नाही. बाळ रडतं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसते आणि रोकेच बाळाला उचलतो. कामावरून आल्या आल्या तिच्या हातातला डाव काढून घेतो आणि स्वतः रांधतो. असे नवरे मी आपल्या बेटावर बघितले नाहीत, माझे सगळे मामे धरून. मला म्हणतो, "सर, तुम्ही गुरुवारीच का येता? रोज या ना. मी नसतो तेव्हा या." मी म्हटलं, मला नेमून दिलेला वार आहे. तर म्हणतो, "वार कसला, माणूस घरात यायला वार लागतो का?"

बाळाला मध्ये ताप येऊन गेला. आता बरं आहे.

वर्गात सध्या कुटुंबाचं चित्र काढून घ्यायला शिकवतात. मुलाला कागद द्यायचा, घरातली माणसं काढायला लावायची. मी मायलीनला दिला. तिनं घर काढलं, खांब काढले, पाणी काढलं, पाण्यात मासे काढले. माणसं काढलीच नाहीत. मासे मात्र सुरेख होते, तिया. एकाला तर मिशा होत्या.

एक काम होतं. मामांचा तो पांढरा बारोंग सदरा तुझ्या पेटीत आहे ना? पुढच्या बोटीनं पाठवशील? इथं एक समारंभ आहे, मळका सदरा बरा दिसणार नाही. बारोंगवर इस्त्री मी करीन.

तुझा,
एलमार

*

कामोतेस
३१ जुलै

दोंग,

बारोंग पाठवत नाही.

केंद्रात समारंभ असता तर तू कुणाचा, कशाचा, गाणार कोण, जेवायला काय, सगळं लिहिलं असतंस. 'एक समारंभ' एवढंच लिहून गप्प बसणारा तू नव्हेस. ज्या घरात नुकतं बाळ झालंय आणि ज्याला ताप येऊन गेलाय, त्या घराचा समारंभ एकच असतो. बाप्तिस्म्याला तुला बाळाचा धर्मबाप व्हायला सांगितलं आणि तू हो म्हणालास. खरं की खोटं?

खरं असेल तर समजून घे, तुला बांधलंय. आता रोके तुला 'सर' म्हणणार नाही, 'पारे' म्हणेल, पोराच्या नात्यानं भाऊ. आपल्यात दोन सख्खे भाऊ कोर्टात एकमेकांवर साक्ष देतील, पण पारे पारेवर देत नाही. 'रोज या' का म्हणतो ते कळलं ना आता? रोज जेवलेला माणूस तोंड उघडत नाही.

आणि आता पोरीचं. सात वर्षांच्या मुलाला झोपेत उठवलं तरी वडीलधाऱ्याच्या हाताला उजवा हात जातो. डावा गेला कारण उजवा जात नव्हता. बाही लांब आहे कारण खाली काही आहे. हे तुझ्यासमोर घडलं आणि तू हसलास.

माझं नीट वाच. हे मी तुझी आत्या म्हणून लिहीत होते, आता तसं राहिलं नाही. मी याच कामात आहे. वाचलं म्हणजे मला कळलं, आणि कळल्यावर मला गप्प बसायची मुभा नाही, तुला नाही तशीच. शनिवारी बोट आहे. त्याआधी तू स्वतः मॅडम सिसोनना सांग. नाही सांगितलंस तर मी त्या बोटीनं येईन आणि त्यांच्या खुर्चीसमोर बसून सांगेन. मग तू त्या खोलीत असशील की बाहेर, तुझं तू बघ.

कोन्सिंग

*

सेबू
१ ऑगस्ट, दुपारी, धक्क्यावरून

तिया,

हो. धर्मबाप व्हायला हो म्हणालो. तू काय केलं असतंस? बाळ तापलेलं, रोके फडकं भिजवून कपाळावर ठेवतोय, आणि म्हणाला, "तुम्ही याचे धर्मबाप व्हा, सर." धर्मबाप व्हायला नकार दिला की तो बाळाला भोवतो, हे मला तूच पायावर झोपवून सांगितलंस ना? तापलेल्या पोरासमोर मी 'केंद्राचा नियम आहे' म्हणू? हो म्हणालो. मॅडमना सांगितलं नाही. बाप्तिस्मा सतरा तारखेला आहे.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. वाचून थेट तिकडे गेलो. गुरुवार नव्हता. रोके कामावर, फेलिसा आत झोपलेली, बाळ तिच्याजवळ. मायलीन बाहेर फळीवर बसून पाण्यात तांदळाचे दाणे टाकत होती, माशांना. मी शेजारी बसलो. फार काही विचारलं नाही. म्हटलं, हात दुखतोय का? तिनं बाही वर केली.

मनगटापासून तळव्यापर्यंत भाजलंय. कोर गोल आहे, तिया. भांड्याच्या झाकणासारखी. वर काहीतरी लावलंय, पिवळं.

ती म्हणाली, "झाकण गरम होतं." मी म्हटलं, मग? ती म्हणाली, "कुणाला सांगू नको. नाहीतर घेऊन जातील." आणि करंगळी पुढे केली. मला नियम पाठ आहे. पण पुढ्यात ती करंगळी होती, तिया, एवढीशी. मी माझी अडकवली. म्हटलं, नाही सांगत.

आता तू म्हणतेस सांग. मी सांगितलं की पोलीस रोकेला नेतील. मग त्या बाळंतिणीला कोण खाऊ घालणार? जो माणूस गिटार वाजवत बाळ झोपवतो तो त्याच हातानं पोरीला भाजतो, हे माझ्या डोक्यात बसत नाही. आणि बसलं तरी तो माझा पारे आहे. सतरा तारखेपर्यंत थांब. मी रोकेशी माणसासारखं बोलतो. मी त्याच्याशी बोललो तर तो ऐकेल. शनिवारी येऊ नकोस.

एलमार

*

कामोतेस
३ ऑगस्ट

दोंग,

मी आले नाही. तुझ्या सांगण्यानं नव्हे. शुक्रवारी तुझं पत्र आणणारी बोट लागली, मग वादळाचा बावटा चढला आणि बोटी बंद झाल्या. शनिवारी सकाळी सामान घेऊन धक्क्यावर गेले होते. नावाडी म्हणाला, तिया, मी तुम्हाला नेईन, पण पोचवीन असं नाही. फोनची तार पहिल्याच वाऱ्यात पडली. टपालखात्याच्या बाईंनी मला खुर्ची दिली आणि आम्ही दोघी मेलेल्या फोनकडे बघत बसलो.

हे पत्र पहिल्या बोटीबरोबर निघेल. तोवर तू काय केलं असशील मला माहीत नाही, म्हणून तू काहीच केलेलं नाहीस असं धरून लिहिते.

रोकेशी बोलू नकोस. तू बोललास आणि निघून आलास की त्या दाराआड तोच असेल आणि ती असेल. तुला बोलून बरं वाटेल, फटका तिला बसेल.

करंगळीचं. शब्द द्यायचा नव्हता, दिलास, आता तो मोडावाच लागेल. पण मोडायची रीत असते. मॅडमकडे जाण्याआधी तिच्याकडे जा. खाली बस आणि सांग: मी सांगणार नाही म्हणालो, ते चुकलो, मी सांगणार आहे, आणि कुणाला ते सांगतो. आधी तिला. ती रडेल, मारेल, तोंड फिरवेल. चालेल. पण तिच्या मागे तुझं तोंड उघडलेलं तिला दुसऱ्याकडून कळलं, तर पुढे कुठल्याच मोठ्या माणसाला ती बाही वर करून दाखवणार नाही.

वारा खिडकीवर थापा मारतोय. मला तुझी भीती वाटतेय, हे लिहून टाकते. तू वाईट नाहीस, पण तुला सगळ्यांना आवडायचं असतं.

कोन्सिंग

*

सेबू
९ ऑगस्ट

तिया,

तुझं पत्र गुरुवारी संध्याकाळी आलं. मी बुधवारी सांगून मोकळा झालो होतो. तू लिहिलंस त्याच्या उलट क्रमानं.

वादळात दोन दिवस वर्ग बंद होते. मी केंद्राच्या व्हरांड्यात बसून होतो. वाऱ्यानं खांबावरची घरं हलत असतील आणि आतली माणसं एकमेकांना बांधल्यासारखी एका खोलीत कोंडलेली असतील, एवढंच डोक्यात. केंद्र उघडलं तसा मॅडमच्या दारात उभा राहिलो. धर्मबापाचं सांगितलं, जेवणांचं सांगितलं, हाताचं, करंगळीचं. त्यांनी ऐकून घेतलं. मग कागद पुढे केला. "लिही. दिसलं ते, ऐकलं ते. तिचे शब्द तिच्याच तोंडचे." मी लिहिलं आणि खाली लिहायला घेतलं, 'हे रोकेनं'. मॅडमनी पेनावर बोट ठेवलं. "बघितलंस?" नाही. "तिनं सांगितलं?" नाही. "मग ते तुझं आहे, तिचं नाही. खोड."

खोडलं. मनातून खोडलं नव्हतं.

लगेच निघालो. मॅडम, मी आणि पालिकेच्या एक बाई. वादळानं घराची पुढची फळी नेली होती आणि रोके नवी ठोकत होता. आम्हाला तिघांना बघून हातोडा खाली ठेवला. मला वाटलं, आता हा अंगावर येणार. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "उशीर केलास, पारे."

मी म्हटलं, "कशाला उशीर?"

"मी म्हणत होतो ना, रोज ये. मी नसतो तेव्हा ये." मग मॅडमकडे वळला. "बाई, ती पहिली अशी नव्हती. बाळ झाल्यापासून तिचं ठिकाणावर नाही. मी कामाला जातो आणि दिवसभर माझा जीव टांगणीला. शेजारणीला बसवलं, तिला हिनं हाकललं. कामावर गेलो नाही तर खायचं काय?"

मॅडम म्हणाल्या, "मग या मुलाला का नाही सांगितलंत? दर आठवड्याला दारात येत होता."

"सरांना कसं सांगू? ते कागद घेऊन येतात. बायकोचं नाव कागदावर घालू? ते गुरुवारचे माणूस. मला रोजचा माणूस हवा होता. पारेला सांगितलं असतं. पारे घरचा होतो, न विचारता आत येतो, तिला दटावू शकतो, पोरीला उचलून नेऊ शकतो. बाप्तिस्मा झाला की सांगणार होतो. देवळात उभा राहिल्याशिवाय पारे कसा होईल?"

"आणि तोवर पोरीचा हात?" मॅडम म्हणाल्या.

तो हातोड्याचा दांडा नखानं खरवडत राहिला.

फेलिसा आतून आली. बाळ काखेत, केस सुटलेले. कुणी विचारलं नव्हतं. म्हणाली, "मी ठेवलं झाकण तिच्या हातावर. बाळ रडायचं थांबत नव्हतं आणि ती विचारत होती, भात कधी, भात कधी." असं म्हणाली, जशी काही शेजारच्या घरातली गोष्ट सांगतेय. मग मॅडमना विचारलं, "तुम्ही मला नेणार की तिला?"

तिया, मायलीन घाबरायची ती याला. घेऊन जातील ते आईला. रोकेला नव्हे. मी आठवडाभर चुकीच्या माणसाचा पारे झालो म्हणून जळत होतो, आणि समोर भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बाईला 'झोप नाही बिचारीला' म्हणत होतो.

फेलिसाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. बाळंतपणानंतर काही बायकांचं मन असं बिघडतं आणि त्याला औषध आहे, असं ते म्हणाले. मधल्या काळात तिला मुलांजवळ एकटं सोडायचं नाही. फेलिसाची बहीण बाळासाठी घरात राहायला आली. मायलीन मांदाउएला रोकेच्या आईकडे. म्हातारीनं तिला लगेच उचलली, म्हणाली, माझ्या रक्ताची नसेल, माझ्या घरची आहे.

निघताना मी तिच्याजवळ खाली बसलो. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. एवढंच म्हणाली, "तू नाही म्हणाला होतास." तुझं पत्र दोन दिवस आधी आलं असतं तर, असं लिहिणार होतो. पण वादळाच्या माथी किती मारू. वेळ होता. तिच्याकडे जायची हिंमत नव्हती, मॅडमकडे जायची होती, म्हणून तिकडे गेलो.

आता माझं. मॅडम म्हणाल्या, "या घराचा कार्यकर्ता राहशील किंवा धर्मबाप. दोन्ही नाही. कार्यकर्ता राहायचं तर देवळात उभा राहू नकोस, शिक्षण पुढे चालू. उभा राहिलास तर हे घर दुसऱ्याला देईन आणि तुझं सहा महिन्यांचं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून, पुढच्या तुकडीबरोबर." रविवारी सतरा तारीख आहे. सांग काय करू.

एलमार

*

कामोतेस
१३ ऑगस्ट

दोंग,

पहिलं. मीसुद्धा रोकेलाच धरला होता. तुला बांधलंय म्हणून लिहिलं. त्यानं बांधलं होतं खरंच, पण बुडणारा माणूस बांधतो तसं. पत्रातून माणूस वाचायची मला फार घमेंड आहे. फेलिसा तुझ्या तिन्ही पत्रांत होती आणि मी तिच्यावरून पुढे गेले. मॅडमना माझा नमस्कार सांग, त्या पेनावर ठेवलेल्या बोटासाठी.

पण म्हणून रोकेला साधू करू नकोस. त्याला माहीत होतं आणि तो देवळाच्या तारखेची वाट बघत राहिला. तूही राहिलास, मीही शनिवारच्या बोटीची बघितली. तिघांनी वाट बघितली आणि हात सात वर्षांच्या पोरीचा होता.

दुसरं. काय करू ते मी सांगणार नाही. मी सांगितलं की तू माझ्या सांगण्यावरून करशील आणि फसलं की माझ्या दारात येशील. एवढंच बोलते: कार्यकर्ता असणं वर्ष-दोन वर्षांचं असतं, मग फाइल बंद होते. धर्मबाप मरेपर्यंत. तुला एक चप्पल वर्षभर टिकत नाही.

आणि निर्णय काहीही कर, मांदाउएला जा. गुरुवारी नको.

बारोंग या बोटीनं पाठवतेय. घालायचा की नाही ते तुझं तू बघ. उजव्या काखेत पिवळा डाग आहे, हात वर करू नकोस.

कोन्सिंग

*

सेबू
१९ ऑक्टोबर

तिया,

दोन महिने लिहिलं नाही. रुसलो नव्हतो. लिहिण्यासारखं होतं, पण प्रत्येक वेळी वाटायचं अजून एक आठवडा जाऊ दे, काय होतंय ते दिसू दे.

देवळात उभा राहिलो. तुला ते रोकेच्या पत्रातून कळलंच असेल, त्यानं तुला आभाराचं पत्र घातलं असं म्हणाला. मॅडमनी शब्द पाळला. नोव्हेंबरात नव्या तुकडीबरोबर पुन्हा छोट्या खुर्चीवर. नाव घालायला आलेली नवी पोरं आत्तापासूनच मला 'काका' म्हणायला लागलीत. त्या घराचं काम आता दुसरी एक जण बघते. ती माझ्याशी त्या घराबद्दल एक अक्षर बोलत नाही, आणि मला राग येतो, आणि ती बरोबर आहे.

मांदाउएला जातो. पहिल्या खेपेला मायलीन म्हातारीच्या मागे लपली. मी म्हाताऱ्या बाईच्या उंबऱ्यावर बसून सांगितलं: मी नाही म्हणालो आणि सांगितलं, तेही तुला न विचारता. चुकलो. पुन्हा कुणी मला काही दाखवलं तर आधीच सांगीन की मी गप्प बसणार नाही. ती आत निघून गेली. दुसऱ्या खेपेलाही तसंच. तिसऱ्या खेपेला तिनं विचारलं, "मग आता तुला कुणी काही दाखवेल का?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "नाही दाखवणार." शांतपणे, जशी काही भाजीचा भाव सांगतेय. यावर काय म्हणायचं ते आम्हाला अजून शिकवलेलं नाही.

हाताची कातडी नवी आलीय, गुलाबी. मूठ पूर्ण मिटत नाही, पण पेन्सिल धरता येते. शाळा तिकडेच सुरू केलीय.

फेलिसा औषध घेते. झोपते. मधूनच रडते, पण आता रडते तेव्हा तोंड आमच्याकडे असतं. मी आठवड्यातून कधीही जातो, दार न ठोठावता. ती पहिल्यांदा चिडली, म्हणाली, पाळत ठेवायला येतोस. मी म्हटलं, हो. त्यानंतर तिनं मला भाजी निवडायला बसवलं. बाळ लठ्ठ झालंय, माझ्यासारखं दिसतं असं रोके म्हणतो, आणि मग स्वतःच म्हणतो, देव न करो.

आज मायलीन पहिल्यांदा घरी आली, जेवणापुरती. दुसरी कार्यकर्ती, म्हातारी, रोके, मी, सगळे होतो. फळ्यांवर एवढी माणसं एकदम चढली की घर करकरायला लागलं. रोके एकटाच बोलत होता, त्याला गप्प राहणं जमत नाही, माशाचं कालवण, पावसाळा, जहाजाचा मुकादम, काय वाट्टेल ते. मायलीन म्हातारीला चिकटून. बाळाकडे बघत होती, आईकडे नाही.

फेलिसानं भाताचं पातेलं आणून मध्ये ठेवलं. झाकण आधीच काढून आली होती, आत चुलीजवळ ठेवून. पळीनं सगळ्यांना वाढलं. मायलीनपाशी आल्यावर थांबली. रोकेचं बोलणंही थांबलं.

म्हणाली, "मी वाढू, की तू घेतेस?"

पोरीनं म्हातारीकडे बघितलं. म्हातारी आपल्या ताटलीतले काटे काढत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. तिया, माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, वाढू दे गं आईला, बघ किती वाट बघतेय. सगळ्यांना बरं वाटलं असतं. मी खाली ताटलीकडे बघत बसलो आणि तोंड मिटून ठेवलं. मला वाटतं, या वर्षात मी शिकलो असेन तर एवढंच.

फेलिसाची पळी हवेत तशीच. भाताची शितं फळीवर पडली. तिनं पळी खाली ठेवली नाही आणि पुढेही केली नाही.

मायलीननं ताटली सरकवली. जराशी. फेलिसाला वाढायचं तर वाकावं लागलं असतं, इतकीच.

फेलिसा वाकली.

एलमार